न विचारलेल्या आठवणी

“आई, शाळेच्या पहिल्या दिवशी मी रडले होते का गं?”

मेघश्रीने जेवताना हे विचारलं ते मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. “दुकानवाल्यांना पोरांचं काहीही आठवत नसतं, विचारून तर बघ!” असं शर्वाणी अख्ख्या वर्गादेखत म्हणाली होती.

आईने कानामागची पट्टी दाबली. हल्ली आठवणी डोक्यात कुणीच ठेवत नसे, त्या क्लाउडवर असत. आई-पप्पांच्या तर साडीच्या दुकानाच्याच खात्यात होत्या. घरासाठी वेगळं खातं कशाला, असं पप्पांचं म्हणणं.

“सापडत नाहीये गं.”

“थंड कप्प्यात गेली असेल. मागव की, उद्या येईल!”

“नाही येणार,” पप्पा भात कालवत म्हणाले. “जे कुणी बघत नाही ते थंड कप्प्यात जातं. तिथेही कुणी विचारलं नाही, तर पुसलं जातं. दुकानाचा नियम आहे, बाळा.”

“आणि निंबाळकर काकूंनी लेकीच्या लग्नात आपल्या दुकानातून घेतलेला शालू?” मेघश्रीने विचारलं.

“मोरपंखी, डाळिंबी काठ!” दोघं एकदमच म्हणाले.

मग आईचा चेहरा उतरला. ती पट्टी दाबतच राहिली. बारसं, पहिलं पाऊल, पहिला ताप. काहीच उरलं नव्हतं.

“मेघू, तुझ्याकडे असेल ना तो शाळेचा दिवस? मला कॉपी दे गं. तेवढा एकच.”

“आहे ना, माझ्या शाळेच्या खात्यात. फाटकापाशी माझ्यापेक्षा तूच जास्त रडत होतीस. मी रोज बघते.” मेघश्रीने ताट उचललं. “पण आई, पप्पा, मी ठरवलंय. तो तुमच्या दुकानाच्या खात्यात द्यायचा नाही.”