शेवटचं रीळ

माझी बायको मंगतायारू गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी तेनालीच्या टॉकीजमध्ये रीळ गुंडाळत होतो.

दर संक्रांतीला आमच्याकडे एक जुना कौटुंबिक सिनेमा लागतो. शेवटच्या रिळाआधी ती नेमकी उठून जायची. "चूक सासूची आणि पाय धरायचे सुनेने? तुम्हीच बघत बसा!"

यंदा मी ते रीळ लावलंच नाही. प्रेक्षक ओरडायला लागले. मालक धावत वर आले.

"अरे कोटय्या, सुनेने पाय धरल्याशिवाय बायका घरी जायच्या नाहीत!"

"मग बसू देत. मी ते रीळ लावणार नाही. मला कामावरून काढून टाका हवं तर."

 

आमच्या घरात मात्र, चूक आईची असताना, मीच मंगतायारूला आईचे पाय धरायला लावले होते. त्याची माफी मागायची राहिली.