गुंतवळ

आठ दिवस झाले, गार्गीच्या उशीवर एकही केस सापडेना. मुरुमांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून चेहरा निवळला होता, पण केस मुठीमुठीने गळू लागले होते. तिने हरखून डॉक्टरांना फोन केला, "गळती थांबली." ते म्हणाले, मग डोस तोच ठेवू. तरी भांग रुंदावतच चालला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. आई पहिल्यापासून त्या गोळ्यांवर खार खाऊन होती. मग उशीवरचे केस जातात कुठे? हिने त्यांच्यावर काही अंगारा-उतारा तर केला नाही?

सकाळी ती झोपेचं सोंग घेऊन पडली. अभंग गुणगुणत आई आली, उशीवरचे केस एकेक करून वेचले आणि बोटाभोवती गुंडाळू लागली.

गार्गीने तिचं मनगट धरलं. "करणी करतेस की काय माझ्यावर?"

"अगं बये, गुंतवळ उचलतेय! केस दिसले की तू ताटावरून उठतेस, रडत बसतेस. बघवत नाही मला."

"आणि मी डॉक्टरांना खोटं सांगून बसले, आई!"

आईचा चेहरा उतरला. आठ दिवसांचं गुंतवळ तिने कपाटातून काढून लेकीच्या ओंजळीत ठेवलं. "कीर्तनात बुवा सांगतात, देवापासून काही झाकू नये. मी तर वैद्यापासूनच झाकलं. चल, त्यांच्यापुढे मीच कबूल करते."

गार्गीला हुंदका फुटला.

"रड, पोटभर रड," तिला जवळ घेत आई म्हणाली. "मग चार घास खाऊ आणि निघू."