ओढ्याच्या तोंडापर्यंत

"पळाला! सायेब, पळाला!"

जोतीरामनं मोटारबोटीची दोरी हिसकली आणि राजशेखरच्या छातीत हलगी कडाडायला लागली. मत्स्य खात्यात चिकटून सात महिने झाले, पण बंदीच्या दिवसांत मासे मारणारा एकही त्याच्या हाती लागला नव्हता. आणि आज, आषाढातल्या भर दुपारी, धरणावरचा मच्छीमार गुंडू काळ्या प्लास्टिकातलं भलं मोठं गाठोडं घेऊन साऱ्या धरणाला दिसेल असा होडी वल्हवत निघाला होता.

हाच गुंडू तीनदा कोल्हापूरच्या कचेरीत येऊन गेला होता.

"पल्याड ओढ्याच्या तोंडाला ठेकेदार हंबीररावानं मच्छरदाणीचं जाळं लावलंय, सायेब. गाभोळी भरलेली मासळी वर चढती, ती तितंच घावती. पिल्लंच न्हाय ऱ्हायली तर पुढल्या साली आमी खायाचं काय?"

"तिकडं रस्ता नाही," राजशेखर म्हणाला होता. "आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय ठेकेदारावर केस कशी करू?"

आता त्याला सगळं उमगलं. दुसऱ्याकडं बोट दाखवायचं आणि आपण जाळं टाकायचं! आज ह्याचं लायसन जाणार.

काठावर गुंडूची बायको बयाबाई पदर खोचून उभी होती. हात उंच करून ओरडत होती, "त्या अंगाला गेला बगा! ओढ्याकडं! सोडू नगासा त्येला!"

"बायकूच चुगली करतीया की," जोतीराम खिदळला. "घरात कायतरी बिनसलंय."

वारा सुटला. पाणी कसं उधळलेल्या खोंडागत उसळत होतं. राजशेखर बोटीच्या नाकावर उभा राहिला, चिंब भिजला, तरी त्याला बसवेना. मधेच मोटार खोकली आणि बंद पडली. पुढं गुंडूचं वल्हंही थांबलं.

"दमला!" राजशेखर ओरडला. "ओढ, जोतीराम, ओढ!"

मोटार धडधडली. वल्हं पुन्हा पाण्यात बुडालं. डोंगराचं नाक वळताच राजशेखरनं होडीत उडी घेतली आणि एका हातानं गुंडूची गचांडी, दुसऱ्यानं गाठोड्याची गाठ धरली.

"लायसन गेलं तुझं! सोड ते गाठोडं!"

गुंडूला धाप लागली होती. तरी तो हसत होता. "आदी म्होरं तर बगा की, सायेब."

समोर ओढ्याच्या तोंडाला, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, हिरवी मच्छरदाणी ताणलेली होती. तिच्यावर पोटं फुगलेली मासळी थडाथडा आपटत होती. गुडघाभर पाण्यात, भरली पाटी हातात धरून खुद्द हंबीरराव उभा होता. त्याला पाटी टाकायचंही सुचेना.

राजशेखरच्या मुठीत गाठोड्याची गाठ तशीच होती. ती सुटली, आणि होडीत उलगडली बयाबाईची ठिगळाठिगळांची वाकळ.