शेवट सांगू नका

सोमवारी कंपनीच्या बसच्या खिडकीतून झिशानला पोस्टर दिसलं, आणि त्याच्या अंगात पुन्हा बारा वर्षांचं पोर संचारलं. अंतराळातल्या लढायांच्या त्याच्या लाडक्या पिक्चरचा नवा भाग, सोळा वर्षांनी, शिरूरच्या टॉकीजला हिंदीतून लागला होता! पण रांजणगावच्या कारखान्यात बारा तासांची शिफ्ट, रजा संपलेल्या. रविवारशिवाय सुटका नव्हती.

तोवर कुणीतरी शेवट फोडणार, याची त्याला खात्रीच होती. दोघं कुजबुजले, की त्याला वाटे पिक्चरचंच चाललंय. प्रेसच्या धडधडाटात घालायचे रबरी प्लग तो बसमध्येसुद्धा कानातून काढीना. सगळ्यात जास्त संशय रविराजचा. शेजारच्या मशीनवरचा हा दोस्त आदल्या रविवारीच पिक्चर बघून आला होता.

बुधवारी रविराज हातवारे करत जवळ आला, तसा झिशान ओरडला, "एक अक्षर बोलू नगंस! दोस्ती तुटंल!"

रविराजनं कपाळावर हात मारला, कागदावर काहीतरी खरडलं आणि त्याच्या खिशात कोंबलं. बेट्यानं शेवटच लिहिला असणार! झिशाननं चिठ्ठी न वाचता पाकिटात ठेवली. पिक्चर बघूनच उघडायची.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो टॉकीजवर पोचला, तर तिथं सासू-सुनेच्या पिक्चरचं पोस्टर.

त्यानं चिठ्ठी उघडली.


"उद्या शेवटचा खेळ हाय. तुझी मशीन मी बघतो, सायबाला इचारलंय. तू जा."