किलोने कविता

गोंदियातल्या एका मंगल कार्यालयात पुस्तकांचा सेल लागला होता, दोनशे रुपये किलो. मुर्रीच्या सुशिलाबाईंनी पोरांसाठी दोन किलो पुस्तकं तोलून घेतली आणि विक्रेत्याला विचारलं, "वरून काहीच नाही देत का जी? भाजीवाला तरी सांबाराच्या दोन काड्या टाकते."

त्याने कोथिंबिरीच्या जागी ढिगातलं एक बारीक पुस्तक उचलून त्यांच्या पिशवीत टाकलं. मी शेजारीच पुस्तकं चाळत उभा होतो; तो माझा कवितासंग्रह होता. तीन वर्षांत त्याची एकही प्रत खपली नव्हती. आज एक प्रत, फुकट का होईना, कुणाच्या तरी घरी चालली होती. मी कसाबसा धीर केला, "बाई, हे मीच लिहिलंय," असं पुटपुटत पुस्तक मागून घेतलं आणि पहिल्या पानावर सही केली.

बाईंनी पान पाहिलं आणि पुस्तक विक्रेत्यापुढे सरकवलं. "याच्यावर तं या बाबाजीनं पेन चालवला. दुसरं कोरं द्या ना."

त्याने त्यांना लोणच्यांचं पुस्तक दिलं आणि माझं काट्यावर ठेवलं. "चाचाजी, खराब किया तो अब लेना पडेगा. नव्वद ग्राम, अठरा रुपये."

मी पैसे दिले. माझ्या संग्रहाची पहिली प्रत खपली.