उंबऱ्यावरचं भूत

"महोदये, आपल्या कन्येस माझ्या स्वाधीन करावे, अशी नम्र विनंती आहे," भूत म्हणालं. ताई आणि तिची आठ वर्षांची लेक पोट धरून हसल्या.

रविवारची दुपार. दोघी पलंगावर लोळत पुस्तक वाचत होत्या. पुस्तक रद्दीच्या दुकानात मिळालेलं, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज साहेबाचं. आपल्याकडच्या भुताखेतांच्या जुन्या गोष्टी गोळा करून त्यानं त्या इंग्रजीत घातल्या होत्या. ताई आठवडाभर दातांच्या दवाखान्यात आ वासून बसलेल्या लोकांच्या दाढा बघायची. सुट्टीच्या दिवशी तिला हे पुस्तक हवंच. साहेबाच्या हडळी कोर्टात उभं राहिल्यासारख्या बोलायच्या, मुंजे झाडावरून उतरण्याआधी दिलगिरी व्यक्त करायचे. ताई वाचता वाचता त्यांना पुन्हा मराठीत आणायची. साहेबानं कितीही कोट-टोपी चढवली तरी अंगावर काटा यायचा तो यायचाच.

ताई पुढे वाचू लागली. भूत उंबऱ्यावर बसलं. घरातली बाई म्हणाली, "ने हिला. पण मी हिला एक गोष्ट सांगणार होते, तेवढी संपू दे." भुताला गोष्टींची भारी हौस. त्यानं शब्द दिला, गोष्ट संपेपर्यंत उंबरा ओलांडणार नाही.

ताईचा आवाज अडखळला. ही तर तिच्या आईची गोष्ट.

आई रात्रपाळीची नर्स होती. दुपारी छोट्या ताईला कुशीत घेऊन हीच गोष्ट सांगायची. 'मग त्या बाईनं गोष्ट सुरू केली' इथवर आली की घोरायला लागायची. रोज. गदागदा हलवलं तरी ढिम्म. बिचारी दमलीय, असं ताईला वाटायचं. मागच्या वर्षी आई इस्पितळात होती तेव्हा ताईनं विचारलंच, "आई, आता तरी शेवट सांग." आईनं तिचा हात धरला. "मग त्या बाईनं गोष्ट सुरू केली," म्हणाली आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत. मरणाच्या दारातल्या माणसाला आपण गोष्टीसाठी छळलं, ही टोचणी ताईला तेव्हापासून होती. आणि शेवटही राहून गेला.

आज तो पुढच्या पानावर होता. ताईनं घाईनं पान उलटलं.

तिथे गोष्ट नव्हतीच. साहेबाची तळटीप होती, चांगलीच वैतागलेली. 'गोष्ट सांगणारी म्हातारी दाई नेमकी या वाक्याला झोपी जाते. भर सकाळी, उभ्याउभ्यासुद्धा. तिच्या आईलाही म्हणे हीच खोड होती. या आळशी घराण्यापायी वाचकांस शेवट देता येत नाही, क्षमस्व.'

दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. ताईचे डोळे भरून आले.

"साहेब बावळटच होता," लेक म्हणाली.

"का गं?"

"अगं, गोष्ट संपली असती तर भूत आत नसतं का आलं?"

ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे आई दमून झोपत नव्हती. पापण्या मिटून ती जागीच असायची, रोज, तिला घट्ट धरून. तिच्याआधी ती दाई. दाईच्या आधी तिची आई. त्याआधी कुठल्या कुठल्या घरांत कितीजणी असतील, कुणास ठाऊक. ताईला एकदम वाटलं, आपल्या पाठीशी बायांची लांबच लांब रांग उभी आहे.

लेकीनं तिचा पदर ओढला. "पण आई, त्या बाईनं कुठली गोष्ट सांगितली? तू तरी सांग ना."

ताईनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि लेकीला कुशीत ओढून घेतलं.

"मग त्या बाईनं गोष्ट सुरू केली," ती म्हणाली, आणि घोरायला लागली.