टिंबापुढचं नाव

"पण फोल्डरच्या नावात टिंब दिलंतच कशाला?" हरिदासने तिसऱ्यांदा विचारलं.

"अहो सर, तिचं नावच आहे ते. बिय्युम्मा के.टी. रेशन कार्डावर तेच, मतदार कार्डावर तेच. मी काय माझ्या मनाने टिंब काढलं?" सुहरा सिस्टर वैतागून म्हणाली. घरोघर हिंडून अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणारी बाई ती. आज मात्र सगळी घरं सोडून कोझिकोडला हरिदासच्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात येऊन बसली होती.

शेजारच्या खुर्चीवर दवाखान्याच्या संगणकाचं काम बघणारी शैनी दात आवळून बसली होती. तिच्या डोक्यात सकाळपासून तिडीक उठत होती.

भानगड एवढीच होती. सिस्टरच्या दवाखान्यातला संगणक रुग्णाच्या नावाचा फोल्डर उचलायचा, त्यातल्या स्कॅनची एक फाइल करायचा, तिला तेच नाव द्यायचा आणि जागा वाचावी म्हणून मूळ फोल्डर पुसून टाकायचा. फाइलींची नावं आणि जागा सांभाळायचं काम हरिदासने लिहिलेल्या लायब्ररीकडे, म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यावा अशा तयार कोडकडे. शेवटच्या टिंबापुढे जे काही असेल तो फाइलचा प्रकार, अशी तिची ठाम समजूत. तेवढं ती खुशाल छाटायची. बिय्युम्मा के.टी आणि बिय्युम्मा के.एम, दोघींची नावं छाटून 'बिय्युम्मा के' झाली. मागून आलेलीने आधीचीला पुसलं, आणि लायब्ररीने हूं की चूं केलं नाही. आज डॉक्टरांनी फाइल उघडली तर पाठीच्या जागी दुसऱ्याच बाईचं पोट.

"जगभर लोक वापरतात हे," हरिदास म्हणाला. "बाकी कुणाची तक्रार नाही."

"माझी होती ना, हरिदासचेट्टा!" शैनीचा आवाज चढला. "फोल्डरला प्रकार नसतोच, आधी ते तपासा, म्हणून सहा महिन्यांपूर्वी दुरुस्ती करून दिली होती मी. चार ओळींची. तुम्ही त्याचं भिजत घोंगडं केलंत."

"चार माणसांसाठी सगळ्यांचं चालू काम मोडायचं?"

"चार माणसं? अख्खं केरळ नावामागे टिंब देऊन घराचं, बापाचं आद्याक्षर लावतं!"

हरिदासने चष्मा काढून पुसला. शैनीला त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. दोनदा आठवण करून दिल्यावर 'ही पोरगी फार कटकट करते' असं कानावर आलं होतं, आणि तिने गप्प बसायचं ठरवलं होतं.

"बरं, सूचनांमध्ये एक ओळ घालू," हरिदास म्हणाला. "नावात टिंब देऊ नये."

"आणि मग काय गाळू?" सिस्टरने विचारलं. "घर की बाप?"

सिस्टर शैनीकडे वळली.

"तू सांग गं. जुनं काही मिळेल?"

शैनी सकाळपासून तेच शोधत होती. पुसलेल्या जागेवर केव्हाच दुसरं काही लिहिलं गेलं होतं. स्कॅन केंद्रवाल्यांनीही हात वर केले, आम्ही महिन्यापलीकडचं ठेवत नाही म्हणाले.

"नाही मिळणार, सिस्टर," ती म्हणाली.

बिय्युम्माच्या पाठीला किरणांचा शेक द्यायचा की नाही ते आज ठरणार होतं. शेक मिळाला तर निदान रात्रीची झोप मिळाली असती तिला. पण स्कॅन पाहिल्याशिवाय डॉक्टर हो म्हणणार नव्हते, आणि स्कॅन म्हणजे पुन्हा डोंगर उतरून तीन तास जीपमध्ये आडवं पडून यायचं.

सिस्टरने तिथूनच बिय्युम्माला फोन लावला. म्हातारीला कमी ऐकू यायचं आणि ती स्वतःही ओरडून बोलायची, त्यामुळे दोन्हीकडचं सगळं खोलीभर ऐकू येत होतं.

"उम्मा, मी सुहरा. ते पाठीचं स्कॅन परत काढावं लागेल."

"परत? त्या नळीत?"

"हो, उम्मा."

हरिदासने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला.

"पोरी," म्हातारी म्हणाली. एवढा वेळ ओरडून बोलणारा तिचा आवाज एकदम खाली आला होता. "माझंच चुकलं का गं काही? हलू नका म्हणाले होते ते. कळ फार आली होती, पण खरंच सांगते, मी हलले नव्हते."